कंट्रोलरसाहेबांच्या कुंपणाची उंची

“लवकर वाढणारं पाहिजे,” जैबुनचाची म्हणाल्या. “आणि मरायला नको.”

एवढं बोलून त्या माझ्या नर्सरीतल्या पालथ्या क्रेटवर बसल्या. मृग लागायला आठवडा होता. माझे हात कोपरापर्यंत मातीत होते, पिशव्या भरायचं काम चाललं होतं. अशा वेळी कुणी “काहीतरी चांगलं झाड द्या” म्हणत आलं की माझं डोकं फिरतं. पण चाचींच्या बाबतीत ते जमत नाही. त्यांचे मालक भूमच्या स्टँडवर कंट्रोलर होते. कंट्रोलर म्हणजे वाहतूक नियंत्रक. कुठली गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली याची नोंद ठेवणारा आणि माइकवरून गाड्या पुकारणारा माणूस. मी कृषी पदविकेला बार्शीला जायचे तेव्हा दोन वर्षं सकाळची गाडी धापा टाकतच पकडली. लांबून माझी ओढणी दिसली की ते माइकवरून म्हणायचे, “बार्शी गाडीचे चालक, जरा दमानं. एक शेतकी विद्यार्थिनी पळत येत आहे.” सगळा स्टँड हसायचा. मला राग यायचा, पण गाडी मिळायची. तालुका त्यांना कंट्रोलरसाहेब म्हणतो, मी चाचा म्हणते.

चाचींना हेज हवी होती. हेज म्हणजे जिवंत कुंपण, दाट ओळीत लावून भिंतीसारखं राखलेलं. त्यांचं घर गावाबाहेर, बार्शी रस्त्याला अगदी लागून. रस्त्याकडची बाजू पन्नास-साठ फूट. अंगण बाहेरून दिसायला नको, एवढंच त्यांनी सांगितलं.

मी हात धुतले आणि दुकान मांडलं. एक-एक झाड दाखवायला लागले. मोठ्या शहरांत रस्त्याच्या मधोमध जे हिरवंगार, सरळसोट झाड दिसतं ते कोनोकार्पस. लोक त्याचा फोटो घेऊन माझ्याकडं येतात. वाढतं भराभर, पण त्याच्या मुळ्या पाण्याच्या पाइपात आणि आडात शिरतात, म्हणून मी ते ठेवतच नाही. पिवळा ड्युरांटा दिसायला देखणा, पण त्याला उन्हाळ्यात पाणी लागतं आणि आमच्याकडं उन्हाळ्यात माणसांनाच टँकर. सुबाभूळ लवकर येते, पण सुबाभळीची हेज लावणं म्हणजे गावातल्या शेळ्यांना पंगतीचं आवतन देणं. शेराचं निवडुंगासारखं झुडूप चांगलं चिवट, शेळी त्याच्या वाऱ्याला उभी राहत नाही, पण त्याचा चीक डोळ्यांत गेला तर घरात रडारड.

शेळ्यांचं मला कळतं. आमचं घराणंच शेळ्या-मेंढ्यांचं. वडील म्हणायचे, शेळी ज्याला तोंड लावत न्हाय ते झाड आपल्याकडं जगतंय, बाकी सगळी पाव्हणी. पदविकेच्या दोन वर्षांत मला कुंपणाबद्दल जे शिकवलं, त्यापेक्षा त्या एका वाक्यावर माझी नर्सरी जास्त चालली आहे.

माझं उत्तर ठरलेलं होतं, कडू मेंदी. ही हाताला लावायची मेंदी नव्हे. पान गडद, चकचकीत आणि नावाप्रमाणं कडू. काडी खोचली तरी लागते. पाण्यावाचून महिनाभर तग धरते. शेळी एकदा चावते, मान झटकते आणि पुढं जाते. दीड वर्षात माणसाच्या डोक्यावर जाते.

“दीड साल?” चाची उठल्या. “मग ऱ्हाऊ दे. माझ्याकडं दीड महिना हाय.”

मला झाडांबद्दल कुणी घाई केली की आवडत नाही. मी जरा तोडूनच म्हणाले की दीड महिन्यात पडदा मिळतो, झाड मिळत नाही. शेडनेट लावा, हिरवी जाळी, दुपारपर्यंत काम होईल. चाची म्हणाल्या लावली होती. एक तर माळावरच्या वाऱ्यानं आठ दिवसांत तिच्या चिंध्या झाल्या. दुसरं म्हणजे, जाळी बांधल्याबरोबर रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबून विचारायला लागला, चाची, आत काय झालंय. झाडाला तसं कुणी विचारत नाही. हे मला पटलं. इतकी वर्षं मी हेज विकते, पण इतकं नेमकं कुणी मला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी जागा बघायला गेले. दगडी खांब, तीन पदरी काटेरी तार, आत मोठं मातीचं अंगण आणि मधोमध कडुलिंबाचं झाड. ओसरी रिकामी. नेहमी तिथं खुर्ची टाकून पेपर वाचणारे चाचा आतल्या खोलीत पलंगावर होते, तोंड भिंतीकडं. मी “चाचा, मी सुनंदा” म्हणाले. त्यांनी मान हलवली पण वळले नाहीत.

चाचींनी मला अंगणात आणून हळू आवाजात सांगितलं. उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि जीभ जड झाली. दवाखान्यातून आल्यावर हात-पाय थोडे हलायला लागले होते. आठवड्यातून एकदा फिजिओ यायची. मुलगी हुशार होती, आणि स्पष्ट बोलायची. सुरुवातीचे महिने हातचे घालवू नका, रोज चाला, नाहीतर पाय असाच राहील, हे तिनं बजावून सांगितलं होतं. घर दोन खोल्यांचं, आठ पावलांवर भिंत. चालायला जागा म्हणजे अंगण. आणि चाचा अंगणात पाऊल टाकायला तयार नव्हते.

“म्हणतेत, लोकं बघतेल. तीस वरसं माइकवर बोलले ना गं. आता तोंडातून आवाज निघंना आणि लाळ गळायली. लोकांनी असं बघायचं, त्यापेक्षा पलंगावर मरतो म्हणतेत.” चाची पदरानं तोंड पुसत होत्या, रडत नव्हत्या. “तू झाड लाव. बाकी मी बघते.”

मला लाज वाटली. आदल्या दिवशी मी त्यांना दीड वर्ष ऐकवत होते.

घरी येताना डोक्यात एकच हिशेब. दीड महिन्यात काहीच होत नाही, पण निदान अडीच महिन्यांत माणसाएवढं काय होतं? उत्तर आमच्या शेताच्या बांधावरच होतं, अंबाडी. आमच्याकडं तुरीच्या कडेनं अंबाडीचं तास, म्हणजे एक ओळ, टाकतात. पाला भाजीला, साल दोरखंडाला. दाट पेरली की उजेडासाठी एकमेकींशी चढाओढ करत सरळ वर जाते, आणि पोळ्याच्या सुमारास डोक्यावर पोचते. मी योजना केली. तारेला लागून बाहेरून कडू मेंदीच्या काड्या, फूट-फूट अंतरावर, दोन ओळी. त्यांना वाढायचं तेव्हा वाढू दे. आत, तारेपासून हातभर सोडून, अंबाडीच्या तीन दाट ओळी. मेंदी येईपर्यंत अंबाडी पडदा धरेल. कोवळ्या अंबाडीला शेळ्या तोंड लावतात म्हणून तारेखालून बाभळीच्या फांद्या रोवल्या. मला माझ्या अकलेचं फार कौतुक वाटलं. हे पुस्तकात नव्हतं.

अंबाडी झकास उगवली. महिन्यात गुडघ्याला, दीड महिन्यात कमरेला. चाची रोज तिला पाणी घालून मला फोनवर उंची सांगायच्या. छातीपर्यंत आल्यावर चाचा पहिल्यांदा ओसरीवर येऊन बसले. मी नर्सरीत पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

आणि मग ती वाढायची थांबली.

मी जाऊन बघितलं. रोग नाही, कीड नाही, पानं तजेलदार, खोड अंगठ्याएवढं. फक्त एकाही झाडाला शेंडा नव्हता. चाची म्हणाल्या, बाया नेतात. मी म्हटलं, कोण बाया? तर म्हणाल्या, सगळ्याच.

आमच्या भागात बांधावरच्या अंबाडीला मालक नसतो. कुणी मागितली तर नाही म्हणायचं नसतं, आणि बहुतेक वेळा मागायचंही नसतं. घरात ज्वारीच्या कण्या आहेत, लसूण आहे, की बाई चार शेंडे खुडून नेते. पहिल्यांदा शेजारीण आली, मग शाळेतल्या बाई, मग रस्त्यानं शेताला जाणाऱ्या सगळ्या. तारेवरून हात घालून कोवळं ते खुडायचं आणि खुडता खुडता आत बघून विचारायचं, “चाची, साहेबांचं कसं हाय?” माणसांनी आत बघू नये म्हणून मी जे झाड लावलं, त्याच झाडापाशी गाव येऊन उभं राहत होतं. आणि शेंडा खुडला की कुठलंही झाड वर जायचं सोडून आडवं फुटतं. हे तर मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवू शकते. घट्ट, गच्च, छान हेज झाली होती, पण साडेचार-पाच फुटांवर अडकली होती.

मी चाचींना म्हटलं, नाही म्हणा. त्यांनी मी वेडी असल्यासारखं माझ्याकडं बघितलं.

“भाजीला न्हाय म्हणू? मग त्या इचारतेल, का न्हाय?”

तेही खरंच होतं. मी बायांना निरोप दिला की खालचा पाला न्या, शेंडा राहू द्या. खालचा जून पाला कोण नेतो? पण निदान एवढं झालं होतं की रस्त्याकडेच्या पायवाटेनं चालणाऱ्या माणसाला टाचा उंच केल्याशिवाय अंगण दिसत नव्हतं. चाचा ओसरी उतरून लिंबापर्यंत जायला लागले होते, डाव्या हातात काठी, उजवा पाय ओढत. मी मनाची समजूत घातली की काम भागलं.

भागलेलं नव्हतं. ते मला समजलं एसटीत बसल्यावर.

माझी स्कूटी दुरुस्तीला होती आणि मला बार्शीला बियाणं आणायला जायचं होतं. खिडकीची जागा मिळाली. चाचांच्या घराजवळ आल्यावर ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि दोनदा हॉर्न वाजवला, सलाम घातल्यासारखा. कंडक्टर डावीकडं वाकला. मीही बघितलं. माझ्या त्या गच्च हिरव्या हेजच्या वरून सगळं अंगण ताटात वाढल्यासारखं समोर होतं. लिंब, दोरीवरचे कपडे, पाण्याची टाकी. आणि अंगणाच्या मधून चाचा ओसरीकडं निघाले होते, घाईनं. ज्या माणसाला हळूसुद्धा चालता येत नाही तो घाई करत होता. काठी एकीकडं, पाय एकीकडं. पडतात की काय असं वाटून मी खिडकीचा गज धरला. गाडी पुढं गेली.

कडेची पायवाट अंगणाच्या पातळीला, पण डांबरी रस्ता भरावावर, दीड-दोन फूट उंच. त्यावर एसटीची खिडकी. मी उंची मोजली होती ती पायवाटेनं चालणाऱ्या माणसाची. बी आणण्याऐवजी मी पुढच्या थांब्यावर उतरले आणि परतीच्या गाडीनं चाचींकडं आले. म्हटलं, चाची, तुम्ही मला गाड्यांचं का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, मला वाटलं तुला माहिती आहे. मग म्हणाल्या, “गावाचं काय, गाव बोलतंच. गाडीतले त्यांचे माणसं. त्यांच्यापुढंच त्यांना असं व्हायचं न्हाय.”

म्हणजे ज्यांच्यापासून आडोसा हवा होता, ती माणसं दिवसभर माझ्या हेजच्या वरून जात होती, आणि प्रेमानं हॉर्न वाजवत होती. मी चुकले होते आणि चुकीचं खापर फोडायला बायाही नव्हत्या. शेंडे न खुडता अंबाडी पूर्ण वाढली असती तरी ती खिडकी झाकली गेली नसती.

चाचांनी मात्र त्यावर स्वतःचा तोडगा काढला होता. चाचींनी मला तो दाखवला. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिलो. चाचा ओसरीवर बसून मनगटावरच्या घड्याळात बघत होते. नऊ वीसची गाडी गेली. ते उठले. अंगणाला दोन फेऱ्या मारल्या. नऊ चाळीसच्या जरा आधी परत येऊन खांबाआड बसले. नऊ चाळीसची गेली, पुन्हा उठले. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीची वेळ त्यांना पाठ होती, आणि दोन गाड्यांच्या मधल्या फटीत ते चालून घेत होते. फिजिओला वाटायचं पेशंट थांबून थांबून चालतो, दम लागत असेल. मला त्या माणसाची माया आली, आणि माझ्या धंद्याची थोडी शरमही वाटली.

पण एसटी ती एसटी. तिच्या वेळेवर जीव टाकून कसं चालेल? मी ठरवलं की खांबांना लागून दहा फुटी बांबू उभे करायचे, तारा ओढायच्या आणि घोसाळ्याचा वेल चढवायचा. अंबाडीवरून वेल वर गेला की खिडकी झाकली.

बांबू घेऊन गेले तो दिवस मला नीट आठवतो. दहा पाचची गाडी यायची होती. चाचा खांबाआड बसून घड्याळ बघत होते. दहा वाजून पाच झाले, दहा वाजून दहा झाले. गाडी नाही. सव्वादहाला त्यांनी मान हलवली. रद्द झाली असं त्यांनी धरलं असावं, कारण ते काठी घेऊन उठले आणि निघाले. मी खड्डा घेत होते. ते लिंबाच्याही पुढं, पार हेजच्या जवळ आले होते, आणि वळणावर हॉर्न वाजला.

ओसरी लांब होती. चाचांनी एकदा मागं बघितलं. मी बांबू टाकून त्यांच्या आणि रस्त्याच्या मधे जाऊन उभं राहायला निघाले. मी पाच फुटांची बाई, काय झाकणार होते कोण जाणे. गाडी सवयीनं हळू झाली. खिडक्यांतून चेहरे. ड्रायव्हरनं हात उचलला.

चाचा जागेवर थांबले आणि रस्त्याकडं तोंड केलं. मग त्यांनी घड्याळ असलेला डावा हात वर केला. काठी त्याच हातात होती. ती जमिनीवरून सुटली, आणि ते स्वतःच्या दोन पायांवर, कशाचाही आधार न घेता उभे होते.

“चौदा मिनिट लेट,” चाचा म्हणाले.

आवाज घोगरा होता, शब्द एकमेकांत अडकलेले होते. पण सगळ्यांना कळलं. लकव्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

ड्रायव्हरनं गाडी थांबवली. मला भीती होती की तो आता विचारेल, साहेब कसं वाटतंय, काळजी घ्या, वगैरे. त्यानं यातलं काही विचारलं नाही. तो खिडकीतून वाकून म्हणाला, “साहेब, टायर बदलाया लागलं. परांड्यालाच टाइम गेला.”

“नोंद... कर.”

“व्हय साहेब. करतो.”

गाडी गेली. चाचांनी काठी खाली टेकवली आणि उरलेली फेरी पूर्ण केली. मी खड्ड्याशी बसून रडले, खोटं कशाला सांगू. चाची स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मला चहा विचारला नाही, मीही मागितला नाही.

त्या ड्रायव्हरनं डेपोत काय सांगितलं मला माहीत नाही. पण त्यानंतर गाड्या चाचांच्या घरापाशी हळू व्हायच्या आणि कंडक्टर ओरडून जायचे, “नऊ चाळीस, राइट टाइम, साहेब.” उशीर असेल तर कारणासकट. चाचा हेजपाशी उभे राहून ऐकायचे. खरं-खोटं पारखायचे, घड्याळ बघायचे, कुणाला दोन शब्द सुनवायचे. बोलायला जीभ वळवावी लागते आणि हेजपर्यंत यायला पाय उचलावा लागतो. फिजिओनं त्या महिन्यात स्वतःच्या उपचारांचं फार कौतुक केलं. आम्ही कुणी तिला काही बोललो नाही.

घोसाळ्याचे वेल राहिले ते राहिलेच. बांबू मी परत आणले.

सगळं पूर्ववत झालं असं नाही. चाचांचा उजवा हात अजून चमच्यापुरताच चालतो. काही शब्द परत आलेच नाहीत. माइकवरचा तो आवाज तर गेलाच, आणि त्याचं त्यांना वाईट वाटतं. तसं ते एकदा म्हणालेही. पण ते रोज चालतात, रस्त्यापर्यंत जातात. शुक्रवारी मशिदीत जाताना रिक्षा लागते, पण पायऱ्या स्वतः चढतात.

कडू मेंदीनं मात्र माझी लाज राखली. दीड वर्षात ती डोक्यावर गेली, तिसऱ्या पावसाळ्याआधीच आठ फुटांवर पोचली. बुडापासून शेंड्यापर्यंत अशी गच्च की आरपार चिमणीही दिसणार नाही. इतकी देखणी हेज मी भूम तालुक्यात दुसरी बघितली नाही. रस्त्यानं जाताना मी तिच्याकडं बघायला म्हणून स्कूटी हळू करत असे. आणि एक दिवस चाचांचा निरोप आला की कात्री घेऊन ये.

गेले. त्यांनी काठीनं मेंदीवर रेघ दाखवली, बरोबर कमरेच्या उंचीवर. मी वाद घातला. म्हटलं, चाचा, ही उंची यायला मला किती दिवस लागले माहीत आहे का? आणि एवढ्या खाली छाटली तर आतली काडी उघडी पडेल, महिनाभर उजाड दिसेल. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“गाड्या... दिसंनात,” ते म्हणाले.

मी छाटली. तीन ट्रॉल्या पाला निघाला, शेळ्यांनासुद्धा टाकता येईना.

आता माझ्याकडं कुणी हेज मागायला आलं, की मी झाडाचं नाव आधी काढत नाही. मी विचारते, कुणापासून लपायचंय, तो कशावर बसून येतो, आणि तो आला नाही तर तुम्हाला चालेल का.